जुनं टर्नटेबल भुणभुणतंय? स्क्रूड्रायव्हर उचलायच्या आधी कान लावा

मी माझ्या पहिल्या जुन्या टर्नटेबलच्या (रेकॉर्ड प्लेअरच्या) घूं आवाजामागे तीन आठवडे घालवले. आधी केबल बदलली, मग प्री-अँप (सुईकडचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा) बदलला, मग कुणीतरी म्हणालं कार्ट्रिज (सुई धरणारा छोटा भाग) गेलीय म्हणून तीही बदलली आणि आवाज आपला जसाच्या तसा. शेवटी दोष निघाला एका वीतभर वायरमध्ये, तो किस्सा पुढे येईलच. पण तेव्हापासून एक सवय लावून घेतलीय की काहीही बदलायच्या आधी आवाज कुठून येतोय ते शोधायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज गेला तर कशामुळे गेला ते कळत नाही, आणि आठवड्याने तो परत आला की तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

आधी हे समजून घ्या की टर्नटेबललाच हा त्रास एवढा का होतो, मोबाइल नाही तर सीडी प्लेअर जोडला तर का होत नाही. साध्या एमएम (हलत्या चुंबकाच्या) कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल असतो ३ ते ५ मिलिव्होल्ट, एमसी (हलत्या गुंडाळीची) असेल तर त्याच्याही दहाव्या भागाएवढा. तो ऐकण्याजोगा करायला फोनो प्री-अँप त्याला साधारण १०० पट वाढवतो, एमसीसाठी १००० पट. वर आणखी गंमत म्हणजे रेकॉर्ड कापताना बास मुद्दाम कमी केलेला असतो, तो प्री-अँपला परत वाढवावा लागतो, याला आरआयएए इक्वलायझेशन म्हणतात. त्यामुळे ५० हर्ट्झच्या आसपासचा आवाज मधल्या सुरांच्या मानाने आणखी सातेक पट वाढतो. आणि घरातली वीज नेमकी ५० हर्ट्झची, काही देशांत ६०. म्हणजे विजेची जरा जरी झुळूक त्या वायरमध्ये शिरली तरी तिला सातशेपट मोठं करणारं यंत्र आपणच पुढे लावून ठेवलेलं असतं.

अँप बंद करून ऐका

हे बहुतेक लोक करतच नाहीत. अँपचं बटण पूर्ण बंद करा, टर्नटेबल चालू करा, रेकॉर्ड फिरू द्या आणि कान खाली पेटीजवळ न्या. आवाज अजूनही येतोय? मग हा वायरिंगचा प्रश्नच नाही, हा मोटरचा किंवा कशाच्या तरी थरथरण्याचा आवाज आहे आणि अर्थिंगशी कितीही खेळलात तरी जाणार नाही, सरळ शेवटी ‘पेटी उघडायची वेळ आली तर’ मध्ये मोटरबद्दल लिहिलंय तिथे जा. अँप बंद केल्यावर शांतता असेल तर मात्र आवाज स्पीकरमधून येतोय आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आता स्पीकरमधल्या आवाजाची जात ओळखा. एकसारखा, गोल, खालच्या पट्टीतला घूंsss असेल तर बहुतेक वेळा ग्राउंड (धातूचे भाग अँपच्या सांगाड्याशी बांधणारी जोडणी) किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. कर्कश, माशी काचेवर आपटत राहावी तसा झर्रर्र असेल तर १०० हर्ट्झ आणि त्याच्या वरचे तुकडे त्यात मिसळलेत, तिथे डिमर, एलईडी बल्ब, स्वस्त चार्जर किंवा तुटलेलं शील्डिंग (वायरीभोवतीची जाळी) यांच्यावर संशय घ्या. मधूनच टिट-टिट-टिट-टर्रर्र येत असेल तर काही बिघडलेलं नाही, प्री-अँपवर ठेवलेला फोन उचला. सुई रेकॉर्डवर असतानाच येणारी आणि उचलली की थांबणारी घरघर असेल तर ती यांत्रिक आहे, बेअरिंग नाही तर मोटरची थरथर सुईपर्यंत पोचतेय. आणि आवाज वाढवला की जो हळूहळू फुगत फुगत किंचाळायला लागतो तो स्पीकर आणि टर्नटेबल एकाच फळीवर ठेवल्याचा परिणाम, स्पीकरची थरथर सुई उचलते आणि ती परत स्पीकरला जाते. हे तपासायचं तर रेकॉर्ड न फिरवता त्यावर सुई टेकवा, आवाज थोडा थोडा वाढवा आणि पेटीवर बोटाने टकटक करा. ढोलासारखं घुमलं तर स्पीकर दुसऱ्या फळीवर हलवा.

सर्किट अर्धं अर्धं करत जा

सुई उचलून ठेवा, अँप फोनोवर (टर्नटेबलच्या इनपुटवर), आवाज नेहमीपेक्षा थोडा वर.

व्हॉल्यूमचं बटण कमी-जास्त करा. घूं त्याच्याबरोबर कमी-जास्त होत नसेल तर दोष व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे अँपच्या पॉवर सप्लायमध्ये, जुन्या अँपमध्ये बहुतेक वेळा सुकलेले मोठे कपॅसिटर. टर्नटेबल बिचारं निर्दोष. होत असेल तर सिलेक्टर ऑक्सवर (सीडी वगैरेच्या साध्या इनपुटवर) फिरवा, तिथे शांतता असेल तर दोष फोनोच्या बाजूला.

आता अँप बंद करून टर्नटेबलचे दोन्ही आरसीए प्लग (सिग्नलचे, लाल आणि पांढरा) उपसा आणि अँप परत चालू करा. एक सांगतो, उघडी फोनो इनपुट स्वतःही थोडी गुणगुणते कारण ती अँटेनासारखी वागते, त्यामुळे लगेच प्री-अँपला दोष देऊ नका. एखादी मेलेली आरसीए वायर कापून तिची मधली तार आणि बाहेरची जाळी एकत्र पिळा, असे दोन प्लग करून त्या इनपुटमध्ये घाला. आता शांत? मग प्री-अँप ठीक आहे. अजूनही घूं? प्री-अँप किंवा त्याचा अडॅप्टर तपासा, हल्लीच्या छोट्या प्री-अँपबरोबर येणारे अडॅप्टर कधी कधी फार घाण आवाज करतात.

आवाज एकाच बाजूच्या स्पीकरमधून येत असेल तर काम सोपं, टर्नटेबलचा लाल आणि पांढरा प्लग अदलाबदल करा. आवाज दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला तर दोष टर्नटेबलकडचा, तिथेच राहिला तर अँपकडचा. दर वेळी प्लग काढताना-घालताना अँप बंद किंवा आवाज शून्यावर ठेवा, नाहीतर जो धप्प आवाज होतो त्याने स्पीकर जाऊ शकतो.

ग्राउंडची ती बारीक वायर

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात. टर्नटेबलमधून दोन आरसीएच्या बरोबर एक बारीक वायर निघते, टोकाला इंग्रजी यू आकाराची पत्र्याची चकती असते, ती अँप किंवा प्री-अँपच्या मागच्या जीएनडी लिहिलेल्या स्क्रूला लावायची. भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थिंगला नाही, हे परत परत सांगावं लागतं. तो स्क्रू म्हणजे अँपची चासी (धातूचा सांगाडा), आणि त्या वायरचं काम एवढंच की टोनआर्मची (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याची) धातूची नळी, मोटरचा सांगाडा, पत्र्याची प्लेट हे सगळं अँपच्या चासीशी बांधलं जावं, म्हणजे ते अँटेना होणार नाहीत.

हाताने तपासायची एक सोपी युक्ती आहे. घूं चालू असताना टोनआर्मच्या धातूला बोट लावा. आवाज कमी झाला किंवा बदलला तर आर्म ग्राउंडशी जोडलेला नाही. पण बोट लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा, प्लग काढा, ते लीकेज (विजेची गळती) आहे आणि त्याचा संबंध आवाजाशी नसून तुमच्या जिवाशी आहे.

तर माझा किस्सा. वायर लावलेली होती, स्क्रू घट्ट होता, वायर दिसायला अखंड. शेवटी वैतागून मल्टिमीटर बीपवर टाकला, एक टोक आर्मला आणि एक त्या चकतीला, बीप वाजली. म्हटलं झालं, हीही ठीक. आणि मीटर बाजूला ठेवताना हाताचा धक्का लागून वायर जरा वाकली तर बीप बंद. सरळ केली की चालू. पेटीतून ती जिथे बाहेर येते तिथल्या रबराजवळ, प्लॅस्टिकच्या आत, तार तुटली होती, वरचं वेष्टण तसंच. ब्लेडने सोललं तर आत तांबं काळं पडलेलं आणि बाकीच्या तारा तुटून एकच काय ती चिकटून होती. वायर सोलून मागच्या चांगल्या तांब्यापासून नवीन तुकडा सोल्डर केला आणि तीन आठवड्यांचा आवाज पाच मिनिटांत गेला. म्हणून मीटर लावल्यावर वायर हलवून बघायची, दोन्ही टोकांपाशी तर नक्कीच.

स्क्रू आणि चकतीवर गंजाचा थर असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. आणि काही टर्नटेबलना ही वेगळी वायर नसतेच, आर्मचं ग्राउंड आतच डाव्या चॅनलच्या जाळीला जोडलेलं असतं. तसं असेल तर उगाच बाहेरून नवी वायर जोडू नका, तयार होईल तो ग्राउंड लूप (ग्राउंडला दोन वाटा होऊन बनणारं कडं) आणि आवाज वाढेल.

आरसीए, हेडशेल आणि कार्ट्रिजच्या चार पिना

आरसीए प्लगची बाहेरची रिंग सैल झाली की शील्ड सुटतं आणि घूं सुरू होतो, जोरात, एकाच बाजूने. प्लग घातलेला असताना हळू फिरवून बघा, आवाज चालू-बंद झाला तर सापडला. रिंग पक्कडने अगदी किंचित दाबा, जास्त दाबली तर अँपचं सॉकेट उपटून निघेल.

हेडशेल (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज बसवायचा भाग) सुटं निघणारं असेल तर काढून मागचे चार ठिपके बघा, काळपट असतील तर पेन्सिलच्या खोडरबरने हलकेच पुसा, आर्मच्या आतल्या स्प्रिंगवाल्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या इअरबडने. मग कार्ट्रिजच्या मागच्या चार बारीक वायरी. रंग जगभर जवळजवळ सारखेच: पांढरी डावीकडचा सिग्नल, निळी डावीकडचं ग्राउंड, लाल उजवीकडचा सिग्नल, हिरवी उजवीकडचं ग्राउंड. निळी किंवा हिरवी सुटलेली असेल तर त्या बाजूला जोरदार घूं येणारच. क्लिप सैल असेल तर कार्ट्रिजवरून काढा, मग टूथपिक आत घालून बाहेरून चिमट्याने दाबा, म्हणजे ती चपटी होत नाही. कार्ट्रिजवर बसलेली असताना दाबाल किंवा ओढाल तर पिन आत ढकलली जाते आणि तिची केसासारखी बारीक तार तुटते, मग काहीच करता येत नाही. सुईवर तिचं प्लॅस्टिकचं झाकण लावून ठेवा, मी एकदा नव्हतं लावलं.

मीटरने मोजायचं असेल तर हेडशेलमधून कार्ट्रिज सोडवून मोजा. लाल आरसीएची मधली पिन ते लाल वायर, बाहेरची रिंग ते हिरवी, तसंच पांढरी-निळी. चारही ठिकाणी काही ओहमच दिसले पाहिजेत आणि मोजताना आर्म इकडून तिकडे हलवला तरी आकडा उड्या मारता कामा नये. दोन बाजूंच्या रिंगा एकमेकांशी जोडलेल्या दिसल्या तर सावध व्हा, बहुतेक मशीनवर त्या वेगळ्या असतात. काही जुन्या कार्ट्रिजच्या मागे एका ग्राउंड पिनेपासून धातूच्या कवचापर्यंत पत्र्याची बारीक पट्टी असते, आणि हेडशेलही धातूचं असेल तर तिच्यामुळे लूप होऊ शकतो, ती पट्टी तेवढी काढून बघा. एमसी कार्ट्रिजला मात्र थेट मीटर लावू नका, तिची गुंडाळी फारच नाजूक असते.

मोटर चालू, मोटर बंद, प्लग बाहेर

वायरिंग ठीक निघालं तर आता हे तीन प्रयोग क्रमाने करा. पहिला, मोटर बंद असताना घूं आहे का? दुसरा, मोटर चालू केल्यावरच सुरू होतो का? तिसरा, मोटर बंद आहे तरी घूं आहे, तर टर्नटेबलचा प्लग भिंतीतून काढा, गेला का?

प्लग काढल्यावरच गेला तर वीज कुठूनतरी चासीकडे झिरपतेय, मोटरच्या गुंडाळीतून किंवा स्विचवरच्या कपॅसिटरमधून. प्लग दोन पिनांचा आणि उलटा घालता येणारा असेल तर उलटा घालून बघा, बऱ्याच जुन्या मशीनवर एवढ्यानेच आवाज निम्मा होतो, मग प्लगवर आणि बोर्डवर पेनने खूण करून ठेवा. तीन पिनांचा असेल तर अर्थिंगची पिन तोडून आवाज घालवणारे सल्ले मिळतील, ते ऐकू नका, आवाज जाईल पण एक दिवस चासीत करंट येईल तेव्हा फ्यूज उडायच्या ऐवजी तुम्ही उडाल.

मोटर चालू झाल्यावरच येत असेल तर सुई रेकॉर्डवर न टेकवता आर्म हाताने हळूहळू मध्याकडे न्या. आवाज वाढत गेला? मग प्लॅटरखालच्या (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकडीखालच्या) मोटरचं किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिज उचलतेय. ग्राउंडने हे जात नाही. ॲल्युमिनियमचं प्लॅटर कमी फ्रिक्वेन्सीचं चुंबकीय क्षेत्र फारसं अडवत नाही, म्हणून ज्या कार्ट्रिजला आतून शील्ड कमी असतं त्या काही मशीनवर गप्प बसतच नाहीत. ग्रॅडोच्या कार्ट्रिज आणि जुनी एआर टर्नटेबल ही त्यातली गाजलेली जोडी. इथे कार्ट्रिज बदलणं हाच खरा उपाय, जाड मॅट घालून उंची वाढवली तर थोडा फरक पडतो पण मग आर्मची उंचीही बदलावी लागते.

आणि आर्म कुठेही असला तरी आवाज सारखाच, पण आख्खं टर्नटेबल उचलून हातभर लांब नेलं की कमी होतो, तर शेजारी बघा. अँपचा मोठा ट्रान्सफॉर्मर टर्नटेबलच्या अगदी खाली किंवा डाव्या-उजव्या हाताला असेल तर हलवा. परदेशातून आणलेलं ११० व्होल्टचं मशीन असेल तर त्याचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लोकांना टर्नटेबलच्या मागेच चिकटवून ठेवायची फार हौस असते. तो लांब, जमिनीवर ठेवा. सिग्नलच्या केबल आणि विजेच्या वायरी एकत्र गुंडाळून टाय मारलेल्या असतील तर सोडा, एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

ग्राउंड लूपचं थोडक्यात सांगतो: अँपला टर्नटेबलशिवाय जे जे जोडलंय ते एकेक करून काढा, विशेषतः कॉम्प्युटरची यूएसबी आणि टीव्हीची केबल. एखादी काढल्यावर घूं गेला तर सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणून बघा.

पेटी उघडायची वेळ आली तर

प्लग भिंतीतून काढलेला, प्लॅटर काढलेलं, आर्म बांधलेला, कार्ट्रिज शक्यतो काढून ठेवलेली. उघडल्यावर आधी फोटो काढा.

पहिली नजर स्विचवरच्या कपॅसिटरवर. मोटर बंद करताना ठिणगी पडून स्पीकरमध्ये टक् असा आवाज येऊ नये म्हणून तो असतो. जुने कागदाचे कपॅसिटर, पिवळसर पारदर्शक कवचाचे, त्याला भेगा पडतात, ओल आत जाते आणि एक दिवस धूर निघतो. भेग दिसली तर तो मोजत बसू नका, बदला. मूळच्याच मायक्रोफॅरडचा, विजेसाठी बनवलेला: स्विचवर किंवा दोन विजेच्या वायरींच्या मध्ये असेल तर एक्स-टू वर्गाचा, वीज आणि चासी यांच्या मध्ये असेल तर वाय-टूच. तिथे साधा लावलात आणि तो आतून शॉर्ट झाला तर चासीत थेट वीज येते. वायर आणि सोल्डरिंगची सवय नसेल तर हे काम जाणत्याकडून करून घ्या.

दुसरी गोष्ट मोटर. ती तीन रबरी तुकड्यांवर किंवा स्प्रिंगवर टांगलेली असते, आणि चाळीस-पन्नास वर्षांनी ते रबर नखाने दाबलं तरी दबत नाही, दगड होतं. मग मोटरची थरथर सरळ पेटीत जाते, हाच अँप बंद असतानाही ऐकू येणारा गुर्रर्र. रबर बदललं की मशीन दुसरंच वाटतं. त्याआधी ट्रान्सपोर्टचे स्क्रू बघा, वाहतुकीसाठी मोटर किंवा वरची प्लेट घट्ट आवळून ठेवतात आणि नंतर सोडायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. ते सोडले की बहुतेकदा काम झालं. मोटरच्या बेअरिंगला पातळ मशीन तेलाचे दोन थेंब, जास्त नाही, आणि गंज सोडवायचा स्प्रे तर अजिबात नाही, तो जुनं तेल धुऊन काढतो आणि काही दिवसांत उडून जातो.

आयडलर ड्राइव्ह, म्हणजे गॅरार्ड ३०१ किंवा लेंको एल७५ सारखं रबरी चाकाने फिरणारं मशीन असेल तर ते चाक बघा. मशीन बंद करताना चाक गुंतलेलंच राहिलं तर त्यावर एक चपटा डाग पडतो आणि प्रत्येक फेरीला धप् धप् येतं. बेल्टवाल्यात ही भानगड नाही. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये, टेक्निक्सने १९७० साली एसपी-१० काढलं तेव्हापासून, मोटर फार हळू फिरते त्यामुळे तिची घरघर कमी, पण आत पॉवर सप्लाय असतो, तिथले सुकलेले कपॅसिटर घूं करू शकतात.

ऑटोमॅटिक मशीनमध्ये म्यूट स्विच विसरू नका, आर्म हलत असताना तो सिग्नल ग्राउंडला जोडून ठेवतो. त्याचे पत्रे काळे पडले की एक बाजू कधी गप्प तर कधी गुणगुणते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दहा-बारा वेळा हाताने चालवा.

दोन वेगळ्या केसेस. एक, सिरॅमिक कार्ट्रिजवाला जुना पोर्टेबल प्लेअर. त्याचा सिग्नल एमएमच्या शंभरेक पट असतो, तो फोनो इनपुटला लावलात तर फाटलेला, घाणेरडा आवाज येईल आणि तुम्ही त्याला घूं समजाल. तो ऑक्सला जोडा. दुसरी, युरोपातल्या जुन्या मशीनचा पाच पिनांचा डिन प्लग. दोन नंबरची पिन ग्राउंड, तीन डावीकडचा, पाच उजवीकडचा सिग्नल. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये चासीच्या ग्राउंडसाठी वेगळी वायर नसतेच, आर्मचं ग्राउंड अधांतरी राहतं, मग चासीच्या एखाद्या स्क्रूपासून अँपच्या जीएनडीपर्यंत आपली एक वायर ओढावी लागते.

सगळं करून झाल्यावर रेकॉर्ड न लावता, नेहमी ऐकता तेवढ्याच आवाजावर, बसायच्या जागेवरून ऐका. तिथून काही ऐकू येत नसेल आणि स्पीकरला कान चिकटवल्यावरच बारीकशी गुणगुण येत असेल तर ते मशीन ठणठणीत आहे. माझ्या मशीनमध्ये तेवढी अजून आहे, आणि ती मी आता शोधत नाही.